मे सोडून कोणताही महिना

चौतीस वर्षं मी साताऱ्यात भूगोल शिकवला आणि त्या चौतीस वर्षांत जिथं म्हणून फिरायला गेले तिथं मे महिन्यातच गेले. जैसलमेरच्या वाळूत मे महिन्यात पाय भाजून घेतले. केरळला मेअखेरीस पोचलो तर पाऊस आमच्या आधी येऊन बसलेला. शिक्षकाच्या घरात ‘कुठं जायचं’ एवढाच प्रश्न असतो, ‘कधी’ ते शाळेनं आधीच ठरवून दिलेलं असतं. त्यामुळे निवृत्तीनंतर सेरेंगेटीला, म्हणजे टांझानियातल्या प्राण्यांनी भरलेल्या गवताळ मैदानांत, जायचं ठरलं तेव्हा महिनाही निवडायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. सवयीनं तोंडातून निघालं, “मेमध्ये जाऊ.”

मुलगी एका पायावर तयार झाली. नातू तिसरीत, त्याला सुट्टी, आजीआजोबांबरोबर सिंह बघून येईल. मुंबईच्या एका टूरवाल्याचं माहितीपत्रकही आलं. ‘समर स्पेशल, ग्रेट मायग्रेशन, सात रात्री.’ ग्रेट मायग्रेशन म्हणजे गवत-पाण्यामागं वर्षभर फिरणाऱ्या कळपांचं स्थलांतर. वर फोटो होता: धुळीचा लोट, दरडीवरून नदीत उड्या टाकणारे हजारो वाइल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं), कोपऱ्यात मगरीचा जबडा. दर इतरांपेक्षा बराच कमी. आगाऊ रक्कम भरायला दोन दिवस उरले होते, आणि मला त्या फोटोतली धूळ खटकली.

विषुववृत्तापासून दोन-तीन अंशांवर, मे महिन्यात, एवढी धूळ? गवतही वाळून पिवळं पडलेलं. खरं तर भूगोलाच्या बाईंना हे पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. सूर्याचं भासमान भ्रमण मी फळ्यावर दोन बाण काढून किती वर्गांना शिकवलं त्याची गणती नाही. सूर्य मार्चमध्ये विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे जातो, सप्टेंबरमध्ये परत दक्षिणेकडे येतो, आणि पावसाचा पट्टा थोडा रेंगाळत त्याच्या मागून फिरतो. म्हणजे विषुववृत्ताजवळच्या मुलखावरून तो वर्षातून दोनदा जाणार आणि तिथं पावसाळेही दोन होणार. मार्च ते मे मोठा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा. ‘भौगोलिक कारणे लिहा’मध्ये हे लिहिणाऱ्या पोरांना मी पैकीच्या पैकी गुण दिलेत. आणि स्वतःच्या पैशानं जायची वेळ आली तेव्हा ‘मे म्हणजे उन्हाळा’ हे दहिवडीचं गणित टांझानियाला लावून मोकळी झाले!

टूरवाल्याला फोन केला. म्हटलं, हा फोटो कोणत्या महिन्यातला?

“मॅडम, ॲनिमल्स काय, बारा महिने असतात.”

तसं ते खोटं नव्हतं. पण विचारलं काय आणि उत्तर काय! मग नणंदेच्या मुलाच्या ओळखीनं टांझानियातल्या अरुशा गावच्या एका गाईडचा नंबर मिळाला. हेच पुढं आमचे गाईड आणि ड्रायव्हर दोन्ही झाले. त्यांना व्हॉट्सॲपवर मे महिन्याचं विचारलं तर एका शब्दाचं उत्तर आलं: “मसिका.” मसिका म्हणजे स्वाहिलीत मोठा पाऊस, छोट्याला म्हणतात वुली. मग त्यांनी सविस्तर बोलून दाखवलं. एप्रिल-मेमध्ये तंबूंचे बरेच कॅम्प बंदच असतात, कच्चे रस्ते चिखलात जातात, म्हणून दर उतरतात. फोटोतली मारा नदी अगदी उत्तरेला. तिथं कळप पोचतात साधारण जुलैत आणि ऑक्टोबरपर्यंत या काठावरून त्या काठावर करत राहतात. मेमध्ये ते दक्षिणेची मैदानं सोडून पश्चिमेच्या वाटेला लागलेले असतात. थोडक्यात, माहितीपत्रकावरची नदी आणि सहलीचा महिना यांची गाठच पडत नव्हती.

पैसे भरले नाहीत हे बरंच झालं. पण मे गेला म्हणजे नातूही गेला. मुलीला ते सांगायला मला आठवडा लागला.

(इथं एक सांगून टाकते, कारण मे महिन्यालाच बांधलेले माझ्यासारखे पुष्कळ असतील. आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरला मेमध्ये कोरडा हिवाळा सुरू होतो, झाडी विरळ होत जाते, प्राणी पाणवठ्यावर यायला लागतात, डासही कमी. पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात एवढंच. बोत्सवानातल्या ओकावांगोची तर तऱ्हाच न्यारी. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस वाहत वाहत यायला महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे ऐन कोरड्या ऋतूत, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, तिथला त्रिभुज प्रदेश पाण्यानं भरतो. नातवाला घेऊन क्रूगर हा पर्याय आमच्यापुढेही होता. पण मला सेरेंगेटीच हवी होती. हट्ट म्हणा.)

मग कालनिर्णयची जुनी पानं उलटी करून त्यावर महिने मांडले आणि घरात खरी जुंपली.

यांचं म्हणणं होतं ऑगस्ट-सप्टेंबर. हे ताडोबाचे वारकरी. सहकारी बँकेत होते तेव्हापासून दर उन्हाळ्याला ताडोबा. “अगं, साधी गोष्ट आहे. पाणी आटलं की जनावर पाणवठ्यावर येतं. आपण नुसतं बसून राहायचं.” पूर्व आफ्रिकेतला मोठा कोरडा ऋतू जून ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका आपला पावसाळा, ताडोबाचा गाभा बंद असतो तो काळ. इथं बंद असताना तिथं उघडं, हे यांना फारच आवडलं होतं.

मुद्दा बिनतोड होता. पण माझ्या शाळेतल्या एक बाई ऑगस्टमध्ये केनियाच्या बाजूला मसाई माराला जाऊन आल्या होत्या. नदी ओलांडताना बघायचं म्हणून तीन दिवस काठावर बसल्या. कळप यायचा, पाण्याशी थबकायचा, पुढच्याला कशाची तरी भीती वाटली की सगळाच्या सगळा मागं फिरायचा. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला उडी पडली, पाच-सात मिनिटांत संपलं, आणि त्या बाईंच्या गाडीपुढं आणखी पंचवीस गाड्या. “मी पाठ बघितली ड्रायव्हरांची,” असं त्या म्हणाल्या, तरी डोळे चमकत होते हेही सांगायला हवं. शिवाय २०२४ पासून मसाई माराचं परदेशी माणसाचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर झालेलं. दोघांचे चार दिवस म्हटलं तर हा फरक निवृत्तिवेतनाला जाणवतो.

वाद मिटला तो वेगळ्याच कारणानं. हे कळप असे गोल का फिरतात, हे मी वहीत नकाशा काढून यांना समजावत होते. सेरेंगेटीच्या आग्नेयेला न्गोरोंगोरोचे डोंगर. त्यांच्या आडोशाला दक्षिणेची मैदानं, म्हणजे पर्जन्यछाया. पाऊस कमी, बारमाही पाणी नाही, पण जुन्या ज्वालामुखींच्या राखेची जमीन. खाली राखेचाच कडक थर, त्यात झाडांची मुळं शिरत नाहीत, म्हणून नुसतं आखूड गवत, आणि त्या गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर. ओल दोइन्यो लेंगाई हा त्यांतला एक ज्वालामुखी अजून जागा आहे. उत्तरेला मारा नदीकडं पाऊस जास्त, पाणी बारमाही, गवत उंच पण एवढं कसदार नाही. म्हणून कोरड्या दिवसांत कळप ओल्या मुलखात जातात, आणि पावसाळ्यात कोरड्या मुलखात परततात.

हे एकदम म्हणाले, “म्हणजे धनगरांचंच की!”

यांचं गाव माण तालुक्यातलं. महाबळेश्वरच्या पावसाचा दहावा हिस्साही धड तिथं पडत नाही, आणि जिल्हा मात्र एकच. दिवाळी झाली की माण-फलटणकडचे धनगर मेंढरं, घोडी, बायकापोरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात. पावसाच्या तोंडावर परत वर येतात, कारण कोकणातल्या पावसात मेंढरू टिकत नाही आणि तेवढ्यात माणावर कोवळं गवत फुटलेलं असतं. चौतीस वर्षं पुस्तकातून शिकवून मला जे असं लख्ख दिसलं नव्हतं ते यांना लहानपणी धनगरांच्या वाड्यावर प्यायलेल्या दुधावरून दिसलं.

“मग त्यांना कोकणात गाठायचं का माणात, एवढाच प्रश्न आहे,” हे म्हणाले. कोकणात म्हणजे मारा नदीवर. माणात म्हणजे दक्षिणेला न्दुतूच्या मैदानात, जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, जेव्हा माद्या वितात. साधारण पाच लाख वासरं, त्यांतली बहुतेक दोन-तीन आठवड्यांत. कळपाचा माज मे-जूनच्या सुमाराला, पोटात आठ-साडेआठ महिने, की फेब्रुवारी येतोच. आणि सगळ्या एकदम वितात त्यालाही कारण आहे: तरस, सिंह खाऊन खाऊन खाणार किती?

फेब्रुवारी ठरला. बदल्यात काय सोडतोय तेही गाईडांनी स्पष्ट सांगितलं. नदी ओलांडणं दिसणार नाही. तारांगिरेला, म्हणजे वाटेवरच्या हत्तींच्या राष्ट्रीय उद्यानात, हत्ती विखुरलेले असतील. आणि दोन पावसांमधली ही उघडीप नुसती नावाची उघडीप, अधूनमधून सर येणारच, नव्हे यायलाच हवी, कारण सर आली नाही तर डबकी आटतात आणि कळप मैदान सोडून झाडीकडं सरकतात. “मी महिना सांगू शकतो, आठवडा नाही,” हे त्यांचं वाक्य मी पानावर लिहून ठेवलं. म्हणून न्दुतूला दोनऐवजी चार रात्री घेतल्या. त्यासाठी झांझिबारचे किनारे रद्द केले. समुद्र काय, गणपतीपुळ्यालाही आहे.

तयारीचं फार लांबवत नाही. नैरोबीमार्गे जायचं होतं, आणि केनियातून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतं, आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं असतं. हे बासष्टचे, त्यामुळे एक फेरी वाढली. हिवतापाच्या गोळ्या. निळे-काळे कपडे बाद, कारण त्या रंगांवर त्सेत्से माशी येते. दोन्ही देशांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून दशम्या, चिवडा, मेतकूट सगळं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत बांधलं. मेतकुटाचा वास बॅगेला अजून आहे.

नैरोबीहून नमांगाची सीमा ओलांडून अरुशा, दुसऱ्या दिवशी न्गोरोंगोरोचं ज्वालामुखीचं विवर. त्या विवरावर मी वेगळं लिहीन कधीतरी, सहाशे मीटर खोल आणि तळ अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर, तिथं थांबले तर पुढं जाणं व्हायचं नाही.

न्दुतूला पोचलो आणि मैदान रिकामं. काही गझेल, लांबवर दोन जिराफ, बस्स. दहा दिवस पाऊस नव्हता. गवत शेंड्याला पिवळं पडायला लागलेलं, आणि कळप, गाईड म्हणाले, पश्चिमेच्या झाडीकडं सरकलेत. हे काही बोलले नाहीत. न बोलणं हे यांचं बोलणं असतं. रात्री तंबूत पडल्या पडल्या मी मनात पैशांची बेरीज करत होते.

त्याच रात्री पाऊस आला. आपल्याकडच्या वळवासारखा, आधी वारा, मग मातीचा वास, मग तंबूवर ताशे. पहाटे गाईडांनी चहाचा कप हातात देताना फक्त “म्वुआ” म्हणून वर बोट दाखवलं. पाऊस.

लगेच काही झालं नाही. तो दिवसही जवळजवळ कोरडाच गेला, म्हणजे प्राण्यांच्या बाबतीत. चिखल भरपूर होता. एका ओहोळाशी गाडी बसली ती बसलीच. गाईड खाली उतरून चाकाकडं बघत म्हणाले, “ब्लॅक कॉटन.” मी खाली वाकून माती बोटांत घेतली. माझं माहेर कऱ्हाडचं, कृष्णाकाठचं. ही माती मला ओळखू येणार नाही तर कुणाला? वाळली की भेगा, भिजली की चपलेला दोन किलो चिकटते. नावही आपल्याच कापसाच्या काळ्या मातीवरून तिकडं गेलेलं. यांनी पॅन्ट दुमडली, चाकाखाली फांद्या सरकवल्या आणि मराठीत सूचना द्यायला सुरुवात केली. गाडीला स्वाहिलीत ‘गारी’च म्हणतात, त्यामुळे निम्म्या सूचना कळल्यासुद्धा. पाऊण तासानं सुटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता आवाज आला. बेडकं ओरडावीत तसा, ‘न्हूं, न्हूं’. टेकाडावर चढलो आणि खाली मैदान काळं झालेलं. एका रांगेमागं दुसरी, मधेमधे झेब्रे, क्षितिजापर्यंत. पंधरा लाखांच्या आसपास म्हणतात त्यांतले किती होते कुणास ठाऊक. मोजायचा विचारही मनात आला नाही. सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानात रस्ता सोडता येत नाही. न्दुतूचा हा भाग न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो, इथं सोडता येतो. त्यामुळे गाईडांनी गाडी हळूहळू कळपाच्या कडेला नेऊन इंजिन बंद केलं.

साधारण दहा वाजता वीसेक पावलांवर एक मादी खाली बसली. उठली. पुन्हा बसली. तिच्या मागून दोन पिवळट खूर बाहेर आलेले. तशीच ती चार पावलं चालली, मग आडवी झाली, मान ताणून एक जोर केला आणि ओलं, चकाकणारं, खाकी रंगाचं काहीतरी गवतात पडलं. यांनी घड्याळ लावलं. वासरानं पहिल्यांदा मागचे पाय उचलले आणि नाकावर आपटलं. दुसऱ्यांदा चारही पाय चार दिशांना. तिसऱ्यांदा कंबर उभी, पुढचे गुडघे टेकलेले, नमस्काराला वाकल्यासारखं. आई चाटत होती ती थांबली, कान मागं वळवले. दोन कोल्हे येऊन बसले होते, वारेसाठी. वासरू उभं राहिलं तेव्हा सात मिनिटं झाली होती. आणखी थोड्या वेळानं ते आईच्या पोटाला चिकटून पळत होतं, धड नाही, पण पळत होतं.

हेच दाखवायला नातू हवा होता, असं मला फार वाटलं. तासाभरानं उलटं वाटलं. एक चुकलेलं वासरू एकटंच ओरडत इकडून तिकडं धावत होतं. दोन माद्यांकडं गेलं, दोघींनी डोकं मारून हाकललं. मग ते सरळ आमच्या गाडीकडं आलं आणि टायरला नाक लावून उभं राहिलं. गाडीलाच आई समजलं. मी म्हटलं, उचलून कळपात सोडूया ना. गाईडांनी मान हलवली, तशी परवानगी नाही, आणि दुसरी मादी त्याला घेतही नाही. त्यांनी इंजिन सुरू केलं, आम्ही सावकाश निघालो, आणि ते आमच्या मागून धावायला लागलं. किती वेळ धावलं ते मी सांगत नाही. उजवीकडच्या उतारावर तरस होतं, ते गाईडांनी बघितलं होतं, यांनी बघितलं होतं, मी बघायचं टाळलं. कोणत्याही माहितीपत्रकात फेब्रुवारीची ही बाजू मला दिसली नाही.

परतीच्या वाटेवर शेवटचा दिवस तारांगिरेला. गोरखचिंचेची झाडं पानांनी भरलेली, गवत कमरेएवढं, माशा चावऱ्या. नदीला पाणी होतं, आणि तीच अडचण होती. सगळीकडंच पाणी असताना हत्तींनी नदीवर यायचंच कशाला? चार तासांत एक सुळ्या आणि मागं गवतात तीन पाठी, एवढंच दिसलं. गाईड एका वळणावर थांबले, खालचं पात्र दाखवलं. सप्टेंबरात इथं नुसती वाळू असते, म्हणाले, हत्ती सोंडेनं खड्डे करून पाणी काढतात, आणि मग बाकीचे प्राणी त्या खड्ड्यांवर रांग लावतात. हे त्या पात्राकडं बराच वेळ दुर्बिणीतून बघत बसले. तिथं तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

नैरोबीहून विमान सुटलं, दिवे मंद झाले. मला डुलकी लागते न लागते तोच यांनी कोपरानं ढोसलं.

“अगं, पुढच्या वर्षी गणपती कधी आहेत?”